घरचा नारळ

गावदेवीच्या देवळासमोर सकाळपासून मांडवाचे बांबू ठोकले जात होते, आणि विनया त्यांच्याकडे पाठ करून ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. पाठ फिरवता येते, कान फिरवता येत नाहीत. मंडळाच्या अल्पेशने एक कर्णा नेमका तिच्याच अंगणातल्या माडाला बांधला होता आणि त्यातून तो साऱ्या गावाला बजावत होता, की आज संध्याकाळी आपल्या गावचे सुपुत्र कृष्णा, त्यांचे अग्निशमन दलातले सहकारी आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांचा जाहीर सत्कार आहे, तरी सर्वांनी वेळेवर, अगदी वेळेवर यावं. वेळेवर हा शब्द तो दर खेपेला दोनदा म्हणत होता, कारण गाव त्याला चांगलं ठाऊक होतं.

सुपुत्र! विनयाने सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. याच गावाने आजवर बंबवाल्यांबद्दल कधी चार शब्द बरे काढले नव्हते. आग विझल्यावर येतात, असं म्हणून खदाखदा हसायचे. कृष्णा महापालिकेच्या बंबावर नोकरीला लागला, तेव्हा लोकांच्या घरावर पाणी मारायचा पगार मिळतो म्हणून त्याची यथेच्छ थट्टा झाली होती. मग दिवाळीनंतर कामण रस्त्यावरच्या गोदामाला आग लागली, कृष्णाने दोन कामगार खांद्यावर घालून बाहेर काढले, आणि गावाची जीभ एका दिवसात वळली.

ती या घरात तेवढी वळली नाही. त्या गोदामात तिसरा एक जण होता. तो बाहेर आला तो चादरीत गुंडाळूनच, आणि तो विनयाचा सोनू होता, तिचा एकुलता एक.

कृष्णा त्याचा सख्खा काका. दहाव्याला, खाडीच्या काठावर सारी भावकी जमलेली असताना, विनयाच्या नवऱ्याने, नथूने, धाकट्या भावाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दोन परकं काढलंस. आपला पोर कसा राहला रं?" कृष्णाने मान खाली घातली. त्याने उत्तर दिलं नाही, आणि उत्तर नाही याचा अर्थ काय, तो नथूने आपल्या मनाने लावून टाकला. पोर दिसत असूनही त्याला टाकून हा बाहेर आला, असा. तेव्हापासून एकाच भिंतीच्या दोन घरांत येणंजाणं बंद होतं. रचना, कृष्णाची बायको, एके काळी विनयाच्या पाट्यावर वाटण वाटायला यायची आणि तासभर हलायची नाही. आता समोर आली तर पदर सावरायचं निमित्त करून वळायची. दोघा भावांची म्हातारी आई धोंडूबाई तेवढी दोन्हीकडे जेवत होती. सकाळी थोरल्याकडे, संध्याकाळी धाकट्याकडे, आणि कुठेच पोटभर नाही.

आणि आता सगळं अडलं होतं एका नारळावर.

गावची रीत अशी, की गावच्या माणसाचा सत्कार करायचा तर पहिला नारळ घरचा. घरच्या माडाचा, घरच्या थोरल्याने सोललेला आणि थोरल्या घरातून आलेला. तो हाती पडल्याशिवाय गाव आपली शाल बाहेर काढत नाही. घरानेच ज्याला मान दिला नाही, त्याला आपण काय म्हणून द्यायचा, असा सरळ विचार. कृष्णाचं थोरलं घर म्हणजे नथू.

"वरीस फिरल्याबिगर या घरातून नारळ जानार नाय," नथूने तिसऱ्यांदा सांगितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, नजर कर्ण्यावर. "सुतकाचा घर हाय. गावाला पन कळाया पायजे."

"सत्कार म्हंजे काय लगीन हाय?" धोंडूबाई आतून बाहेर आली आणि भिंतीला धरून खाली बसली. "नारळ देवाला चालतो, मयताला चालतो. मग तुझ्याच भावाला कसा नाय चालत?"

"आये, तू कोनाच्या बाजूची ते येकदा ठरव."

"ठरवते. तू सांग, तुमा दोघांतला कोनता मी इकत आणला व्हता?"

पायात चपला सरकवून नथू मागच्या वाडीत निघून गेला. सुनेनेही तोंड उघडावं अशी म्हातारीची इच्छा असावी, कारण ती कितीतरी वेळ विनयाकडे बघत राहिली. पण विनयाला नवऱ्याच्या बाजूने बोलवत नव्हतं आणि दिराच्या बाजूनेही. तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी तिला एक गोष्ट सांगावी. आत गेलेल्या माणसाने माझं लेकरू बघितलं होतं का? बघून सोडलं, की बघितलंच नव्हतं? गेले कित्येक महिने ती हाच प्रश्न घेऊन उठत होती आणि विचारायचा धीर होत नव्हता. एकदा उत्तर आलं की ते परत पाठवता येणार नाही, ही भीती.

दुपार कलायला लागली तेव्हा बॅप्टिस्ट साहेब आले. कृष्णाच्या बंबावरचे ते वरिष्ठ, वटार गावचे. हातात घरच्या वाडीतल्या केळ्यांचा फणा होता. तो त्यांनी धोंडूबाईच्या पुढ्यात ठेवला आणि ओट्याच्या कडेला टेकले. नथूने वाडीतून गणवेश पाहिला आणि तो आणखी लांब, कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. विनयाने पाणी आणून दिलं.

"ताई, मी शालीसाठी आलो नाही," बॅप्टिस्ट म्हणाले. "शाल मिळाली नाही म्हणून आमचं काही अडत नाही. आजवर कुठे मिळत होती? पण कृष्णा म्हणतो, घरचा नारळ नसेल तर मी पायरी चढणार नाही. आणि एका गाडीवरची माणसं आम्ही, त्याला खाली ठेवून वर बसणार नाही."

"ह्यांचा तुमी ऐकलाच असंल," विनया म्हणाली.

"ऐकलं. त्यांचं मन मला कळतं. पण मला दुसरंच सांगायचं आहे." त्यांनी पेला खाली ठेवला. "आमच्याकडे आगीचा निरोप आला की त्याला वर्दी म्हणतात. वर्दी आली की हल्ली सगळ्यांच्या आधी कृष्णा गाडीत असतो. ते चांगलंच आहे. पण आत शिरला की मी हाक मारली तरी बाहेर येत नाही. मागच्या महिन्यात एका जळत्या गाळ्यातून आम्ही त्याला ओढून काढला. आत कुणी नव्हतं, ताई. ते त्यालाही माहीत होतं. असाच राहिला तर एक दिवस मला त्याला उचलून इथे आणावं लागेल, आणि ते मला करायचं नाही."

धोंडूबाईने केळ्याच्या फण्यावर हात ठेवला होता. तो फणा तिने उचलून आपल्या मांडीवर घेतला, उगाचच.

विनयाने आजवर कुणाला विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. "साहेब, त्यांनी आत सोनूला बघितला व्हता का?"

"सोनूला?" बॅप्टिस्ट गोंधळले. मग त्यांना उमगलं. "तिथे सोनू कुणीच म्हणत नव्हतं. कामगार बाहेर ओरडत होते, विकी अंदर है, विकी अंदर है. आम्हाला तेवढंच कळलं, की विकी म्हणून कुणी एक पोरगा आत राहिलाय. कृष्णा दुसऱ्याला खाली ठेवून पुन्हा शिरायला निघाला होता. छताचे पत्रे वाकायला लागले होते. मी मागून त्याचा पट्टा धरला आणि म्हटलं, आता बास. तो थांबला. दोघं दारातून मागे सरलो आणि छत खाली आलं. आग विझल्यावर त्या मुलाला बाहेर काढलं, तेव्हा हातातल्या कड्यावरून कृष्णाने ओळखलं." त्यांनी विनयाकडे बघितलं. "तुम्हाला हे त्याने सांगितलं नाही?"

विनयाने मान हलवली. नाही.

"कुणी नुसतं सोनू म्हटलं असतं ना, तर माझ्याच्याने काय, चौघांच्याने तो आवरला नसता. एकाच घरातले दोघे गेले असते."

बॅप्टिस्ट गेले तरी ती तिथेच बसून होती. कडं कृष्णानेच घेऊन दिलं होतं, दहावी झाल्यावर. शाळेच्या दाखल्यावर पोराचं नाव विक्रांत होतं, पण त्या नावाने त्याला घरात कुणी कधी हाक मारली नाही. तुळिंजच्या गाळ्यावर कामाला लागल्यावर तो आपला आपण विकी झाला. फोनवर विकी, दोस्तांत विकी. विनयाला ते नाव अजिबात खपत नव्हतं. विकी काय, कुत्र्याला बोलावल्यासारखं, असं म्हणून तिने त्याला किती वेळा झापलं होतं. एकदा त्याचा एक दोस्त गाडी लावून दारात हाका मारत उभा राहिला, तर तिने खिडकीतून सांगितलं होतं, "हितं कोनी विकी राहत नाय." आत पोरगा हसून लोळला होता. त्यानंतर त्याने ते नाव उंबऱ्याबाहेरच ठेवलं. मग काकाच्या कानावर ते येणार कुठून? मालकाने त्या दिवशी माल भरायला त्याला तुळिंजहून कामणला पाठवलं होतं, हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच नावामुळे कृष्णा जिवंत राहिला होता. हे समाधान मानायचं की आणखी एक घाव, तिला कळेना. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. धोंडूबाई शेजारी सरकून बसली.

मग विनया उठली, तोंड धुतलं आणि मागच्या अंगणातून धाकट्या घराच्या दाराशी गेली. दिवाळीनंतर प्रथमच. दार रचनाने उघडलं. तिने विनयाच्या डोळ्यांकडे बघितलं, बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, "आत हायेत."

कृष्णा खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होता. सत्काराला जायचं नाही म्हणून सांगून बसलेला माणूस बूट मात्र चकचकीत करत होता. वहिनीला पाहून तो उभा राहिला.

"भावजी, विकी म्हंजे आपला सोनू, ह्या तुमाला ठाव नव्हता ना?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "बॅप्टिस्ट साहेब आलं व्हतं वाटतं."

"मग त्या दिशी खाडीवर सांगला का नाय? तुमच्या दादाने तोंडावर इचारला तुमाला. इतकं महिने त्यांचा बोलना ऐकून घेतलाव. येक शब्द बोललं असतंव तर मिटला असता."

दाराशी रचना उभी होती. तिलाही हे नवीनच असावं, कारण तिने चौकट घट्ट धरली होती.

"काय सांगू, वयनी?" कृष्णा म्हणाला. "विकी हाय समजून थांबलो, सोनू हाय कळला असता तर थांबलो नसतो, ह्या सांगू? साहेबांनी पट्टा धरला, ठीक हाय. पन थांबलो मी. कोनातरी परक्याचा पोर हाय म्हनून माझं पाय थांबलं. मना सोडवून घेता आला असता, मना म्हाईत हाय. विकीला पन कोनी आय असंलच ना. ती पन दारात वाट बघत असंल. हा मनान आला, आनि मंग तोंडच उघडला नाय."

एवढं बोलून तो खाली बसला. विनयाच्या मनात राग शोधूनही सापडला नाही. तो होता, महिनोन्महिने होता, त्याच्या आधारावर तर ती उभी होती. आता त्या जागी नुसता हा दीर होता, पॉलिशने काळी झालेली बोटं आवळून बसलेला.

"साहेब थांब बोललं तर थांबायचा," ती म्हणाली. "तवा थांबलंव ते बरा केलंव. हितून पुढं पन थांबायचा. या घरान आनखी येक आय हाय, ती आता म्हातारी झाली. तिला मी काय सांगू?"

कृष्णाने मान खालीच ठेवली, पण हो म्हटल्यासारखी हलवली. विनया वळली. दाराशी रचनाने तिचा हात धरला आणि दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

नथू कुंपणापाशीच होता. सुकलेली झावळी कोयत्याने छाटत होता, विनाकारण बारीक बारीक. विनयाने त्याला सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबली नाही. खिडकीतून काय बोलली होती तेही सांगितलं. तो ऐकत होता, पण कोयता चालूच होता. मग एका जागी कोयता थांबला.

"विकी," नथू म्हणाला. आपल्याच पोराचं हे नाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं. मग पुन्हा म्हणाला, "विकी बोलायचं व्हय त्याला सगळी."

पोराच्या जाण्याने जो माणूस चारचौघांत ओरडला होता, तो आता बायकोसमोर डोळेसुद्धा पुसत नव्हता. ते वाहत होते आणि तो झावळ्या बाजूला सारत होता. मग तो पडवीत गेला आणि ढिगातले दोन-तीन नारळ कानाशी हलवून बघत एक निवडला. जमिनीत रोवलेल्या पहारेवर त्याने तो सोलला. एरवी चार झटक्यांत नारळ मोकळा करणारा माणूस, आज वरचं सोडण हळूहळू काढत होता. शेंडी नीट राखली. हाताने काथ्याचे सुटे तंतू झटकून नारळ त्याने विनयाच्या ओंजळीत ठेवला.

"तू जा," तो म्हणाला. "मना आज नाय जमनार. त्याला सांग, दादाने सोलला."

तिने आग्रह केला नाही.

मांडव भरला होता. वेळेवर कुणी आलं नव्हतं, पण आले मात्र सगळे. पुढच्या खुर्चीवर धोंडूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. गोदामातून वाचलेले दोघे कामगार एका कडेला अंग चोरून उभे होते, एकाचा हात अजून गळ्यात बांधलेला. रुग्णवाहिकेची तरुण डॉक्टरीण आणि तिचा ड्रायव्हर यांना शाली दिल्या गेल्या. टाळ्या झाल्या. डॉक्टरीण बाई बिचारी खाली उतरताना शालीत अडखळली. मग बंबावरच्या माणसांची पाळी आली आणि सगळं थांबलं. बॅप्टिस्ट आणि त्यांची माणसं पायरीशी रांगेत उभी होती. सगळ्यात शेवटी कृष्णा, नजर आपल्या चकचकीत बुटांवर. कुणीच पायरी चढेना. गाव कुजबुजायला लागलं. गावाला सगळंच ठाऊक होतं आणि पुढे काय होतंय ते बघायला म्हणून तर निम्मं गाव आलं होतं.

विनया मधल्या वाटेने चालत आली. हातात नारळ बघून कुजबुज विरली. ती स्टेजवर चढली तेव्हा अल्पेश घाईघाईने पुढे झाला. आनंदापेक्षा त्याला सुटल्यासारखं जास्त वाटलं असावं.

"आलात, काकी. बरं झालं." त्याने माइक तळहाताने झाकला. "अनाउन्समेंट काय करू? घरचा नारळ, सोनूच्या आईच्या हस्ते, असंच म्हणू ना?"

गावात बाईचं नाव कर्ण्यावरून कुणी घेत नाही, ती लेकराच्या नावाने ओळखली जाते. सोनू जन्मला त्या दिवसापासून विनया सोनूची आई होती. पोर गेल्यावरही कुणाला दुसरं काही सुचलं नव्हतं, तिलाही नाही. तिने खाली बघितलं. कृष्णा होता तसाच उभा होता, मान घालून. खाडीवर घातलेली ती मान.

"नाय," विनया म्हणाली. "विकीच्या आयच्या हातून, असा बोल."

"कोण विकी?" अल्पेश गडबडला. "लोकांना कळणार नाही, काकी."

"ज्याला कळायचा त्याला कळंल. बोल तू."

अल्पेशने माइकवरचा हात काढला, घसा खाकरला आणि वाचून दाखवल्यासारखं सावकाश म्हणाला, "घरचा नारळ. विकीच्या आईच्या हस्ते."

नथूच्या अंगणातल्या माडाला बांधलेल्या कर्ण्यातून ते नाव खाडीपर्यंत ऐकू गेलं. विनया नारळ दोन्ही हातांत धरून उभी राहिली. कृष्णाने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पायरी चढला.